पिठाच्या मापाची चाकं

सगळ्यांत आधी सांगते, आमचं पिकअप मी चालवते. हे आधी सांगावं लागतं. गाडीचं काही बोलायला निघाले, की समोरचा माणूस माझ्या खांद्यावरून मागं बघतो, मालक कुठं दिसतात का म्हणून. मालक घरी आहेत. त्यांच्या पाठीचा मणका सरकला, डॉक्टरांनी स्टेअरिंग बंद केलं, आणि दुसरं कुणी नव्हतं म्हणून मी बसले. पहिल्या दिवशी गोठ्याची भिंत पाडली. दुसऱ्या दिवशी पाडायला भिंतच नव्हती, त्यामुळं सोपं गेलं.

आमचं गाव तेलगावच्या अलीकडं. उसाची तोड सुरू झाली की फडातून वाढे भरायचे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आणि दूधवाल्यांच्या गोठ्यांवर नेऊन टाकायचे, हा आमचा धंदा. तोड नसली की शेळ्या, खताची पोती, लग्नातले मंडपाचे बांबू, जे मिळेल ते. गाडी जुनी आहे, दार आतून उघडत नाही, काच हातानं वर ढकलावी लागते, पण ओझ्याला अशी दणकट की नव्या गाड्यांनी बघत राहावं. माझा तिच्यावर जीव आहे. मालक म्हणतात, माझ्यावर नाही तेवढा तिच्यावर आहे. म्हणू द्या.

तर त्या साली दिवाळीच्या तोंडावर गाडी डुलायला लागली. आधी मला वाटलं रस्ता. मग वाटलं टायर. तेलगावच्या फाट्यावर पंक्चरवाला बसतो, त्याला दाखवली. त्यानं चाक काढलं, आतली लोखंडी डिस्क माझ्यापुढं धरली आणि तोंड असं केलं की वाटावं घरात कुणी गेलंय.

"ताई, नटाची भोकं बघा. घासून घासून लांबोळी झाल्यात. ही चीर बी गेलीय हितं. एक दिवस चाक म्होरं जाईल आन् तुमी मागं ऱ्हाताल."

"मग दुसरी टाक की."

"ह्या गाडीची येतच न्हाईत आता. मॉडेल बंद पडलं."

माझं डोकंच फिरलं. माणसाच्या गुडघ्याचा सांधा बदलून मिळतो आणि गाडीचं चाक मिळत नाही! केजला तीन दुकानं पालथी घातली. एक जण म्हणाला, चाक घालायच्या आधी मालकांना पाठवा. दुसऱ्यानं पाच नटाची डिस्क काढली आणि म्हणाला, एक नट नाही लावला तर काय बिघडतं? त्याला म्हटलं, तुझ्या सदऱ्याला एक बाही नाही लावली तर काय बिघडतं? तिसऱ्यानं मला चहा पाजला आणि काहीच सांगितलं नाही. त्याच्याबद्दल माझं मत चांगलं आहे.

गावात तर प्रत्येक जण चाकाचा जाणकार निघाला. नट सहा पाहिजेत एवढं सगळ्यांना ठाऊक. पुढचं कुणालाच नाही. मी आपली डुलत डुलत वाढे टाकत होते, आणि जाता-येता त्या चिरेला हात जोडत होते.

आता माझ्या भावाचं सांगते, कारण खरी गोष्ट त्याचीच आहे.

भाऊ माझ्याहून धाकटा. आई-बाप राहिले नाहीत, त्यामुळं माहेर म्हणजे तो, वहिनी आणि त्याची मेंढरं. मेंढरं राखणं हेच त्याचं काम आणि तेच त्याचं वेड. कळप केवढाही असो, एकेक मेंढरू तो तोंडावरून ओळखतो. ही हिची लेक, हिचं नाक आजीवर गेलंय, असं सांगतो. कुणी म्हणालं, बाबा, आम्हाला तर सगळी मेंढरं सारखीच दिसतात, तर एरवी गाईसारखा गरीब माणूस, पण असा चवताळतो! एकदा एका लग्नात नवरदेवाचा चुलता असं बोलला, तर भावानं हातातलं ताट खाली ठेवलं आणि त्याला विचारलं, "तुमच्या घरातली माणसं तुमाला सारखीच दिसत्यात का?" अर्धी पंगत थांबली होती.

त्याच्याकडं एक मेंढा होता. डाव्या डोळ्याभोवती काळं, बाकी सगळा पांढरा, शिंगं दोन वेटोळ्यांची. पाडव्याला मेंढरं रंगवून मिरवतात, तेव्हा हा पुढं. दुधावर असताना त्याची आई मेली, तेव्हा मी माहेरी होते, त्याला बाटलीनं दूध मीच पाजलेलं. भाऊ त्याच्याशी बोलायचा. वहिनी म्हणायची, माझ्याशी बोलत नाहीत तेवढं त्याच्याशी बोलतात. आमच्या घराण्यात हे आहेच म्हणायचं.

आदल्या वर्षीच्या भाऊबीजेला एक झालं होतं. माझ्या धाकट्या जावेचे भाऊ मोठे. त्यांनी ओवाळणीत तिला फ्रीज दिला. आणि माझ्या भावानं मला खणाचा तुकडा. मला काही वाटलं नाही, खरंच सांगते. पण जाऊ त्याच्यादेखत म्हणाली, "असू द्या जाऊबाई, खणाला काय करंट लागत न्हाई." आणि हसली. भावाच्या पुढं ताट वाढलेलं होतं. तो उठला, म्हणाला मेंढरं एकटी आहेत, आणि गेला. शेवया तशाच राहिल्या. त्या दिवशी मी जावेला काय काय बोलले ते इथं लिहिता येणार नाही. पण बोलून काय उपयोग? भाऊ उपाशी गेला तो गेलाच. वर्षभर तो आमच्या उंबऱ्याला आला नाही.

आणि गाडी डुलायला लागली त्या वर्षी आला. भाऊबीजेला, सकाळीच. केजहून येणाऱ्या काळीपिवळी जीपच्या टपावर चार चाकं बांधून! टायर नव्हते, नुसत्या रिमा, पण काय रिमा! चांदीसारख्या चकचकीत, फुलासारख्या पाकळ्या कापलेल्या, तोंड बघून कुंकू लावावं अशा. जीपवाल्यानं हॉर्न वाजवला, गल्ली गोळा झाली, आणि भाऊ टपावरून एकेक चाक खाली द्यायला लागला. नवरदेवाचा असतो तसा त्याचा चेहरा झाला होता.

मी ओवाळलं. तबकात काय ठेवतो? चाक तबकात कसं मावेल? त्यानं चाक माझ्यापुढं उभं केलं आणि मी त्या चाकावरच तबक टेकवलं. जाऊ दारात उभी होती.  मला वाटलं, ह्या क्षणी फ्रीज बंद पडला तरी चालेल.

"आक्का, नट सहा हायेत. मोजून आणलेत," भाऊ म्हणाला. "आन् नुसतं मोजून न्हाई, माप घेऊन!"

"माप? ते कधी घेतलंस?"

मग त्यानं सांगितलं, आणि सांगताना त्याला इतका आनंद झाला होता की मी मधे बोलले नाही. माझ्या चाकांचं त्याच्या कानावर गेलं होतं, आणि दिवाळीच्या आधी तो आमच्या घरी येऊन गेला होता, मी फडावर असताना. मला कळू द्यायचं नव्हतं. म्हणून स्वयंपाकघरातून, भाकरीसाठी मळलेल्या ज्वारीच्या पिठाचा एक मोठा उंडा त्यानं उचलला, पोत्याच्या तुकड्यावर थापला, आणि गाडीच्या मागच्या चाकावर दाबून धरला. सहा नटांचे सहा खड्डे, मधोमध मोठा खड्डा. सगळं माप त्या भाकरीवर! ती त्यानं उन्हात वाळवली, फडक्यात गुंडाळली आणि केजला भंगारवाल्याकडं घेऊन गेला. तिथं एकेक रिम त्या भाकरीवर ठेवून बघितली. ज्या बरोब्बर बसल्या त्या घेतल्या.

"दिमाग लावला की मेव्हण्यानं!" गल्लीतला एक जण म्हणाला.

"बसवून बघायच्या का आत्ताच?" भाऊ बाह्या वर करत म्हणाला.

तेव्हा माझी सासू ओसरीवरून बोलली. सासू दिवसभर तिथंच बसते, मिसरी लावत, आणि गावातलं काही तिच्या नजरेतून सुटत नाही. ती म्हणाली, "सणाच्या दिशी गाडीचं चाक काढत न्हाईत, पाव्हणं. जेवून घ्या आधी."

अशी रीत मी कधी ऐकली नव्हती. पण भाऊ जेवायला बसला, शेवया दोनदा मागून घेतल्या, आणि मला दुसरं काही नको होतं.

जाताना म्हणाला, "एकादशीला मी येतो, हिला घेऊन. आपून समदे ह्या चाकांवर नारायणगडाला जाऊ. नारळ मी आणतो."

आणि जावेकडं बघून, मुद्दाम, "तुमी बी चला."

दुसऱ्या दिवशी मी आणि मालकांनी गाडी शेतात नेली, जॅक लावला, मागचं चाक काढलं. मी ती चकचकीत रिम उचलली, बोल्टांच्या समोर धरली आणि ढकलली. गेली नाही. फिरवून ढकलली. एक बोल्ट आत जातो, तर बाकीचे पाच भोकांच्या कडेला डोकं आपटतात. मधलं भोकही तसंच. ड्रमचा जो गोल पुढं येतो, तो त्यात शिरायलाच तयार नाही. सगळं बरोबर, सहा भोकं, सारख्या अंतरावर, पण सगळंच थोडं थोडं लहान.

मालक लांब दगडावर बसले होते. म्हणाले, "बसत न्हाई."

"दिसतंय मला!"

मग माझ्या लक्षात आलं आणि मी तिथंच मातीत बसले. भाकरीचं पीठ! ओलं पीठ उन्हात वाळलं की आखडतं. उन्हात टाकलेले सांडगे-कुरडया आक्रसतात ते प्रत्येक बाईला ठाऊक आहे. मेंढरं राखणाऱ्या गड्याला कुठून ठाऊक असणार? त्यानं एवढं डोकं लावलं, एवढ्या मायेनं माप घेतलं, आणि ते माप फडक्यात गुंडाळलेलं असताना गुपचूप लहान होत गेलं.

मला आधी हसू आलं. मग जावेचा चेहरा डोळ्यांपुढं आला. हे तिला कळलं तर? ती एकादशीला गाडीत बसून, नारायणगडापर्यंत, सगळ्या वाटेनं, सगळ्यांना सांगेल. आणि भाऊ पुन्हा उठून जाईल. ह्या वेळी गेला तर तो परत यायचा नाही, मी त्याला ओळखते. वर्षभर मनाला लावून घेऊन बसलेला माणूस. माझं माहेर त्या चार चाकांवर येऊन थांबलं होतं, आणि चाकं बसत नव्हती.

"एकादशीच्या आत बसणारी चाकं पाहिजेत," मी म्हणाले, "आन् घरात कुणाला कळता कामा न्हाई."

मालक म्हणाले, "मी काय, मी पाठीमुळं कुणाशी बोलत बी न्हाई."

घरी सांगितलं की चाकं बसवायला मुहूर्त बघायचाय. जाऊ रोज विचारायची, "निघाला का मुहूर्त?" मी म्हणायची, "पंचांग पाह्यला टाकलंय." जळ्ळं मेलं, चाकाला मुहूर्त विचारणारी मी पहिलीच बाई असेन.

ह्या वेळी माप मी घेतलं. त्याला पुठ्ठा पाहिजे, जाड, न आखडणारा. गावात तसा पुठ्ठा एकच होता, जावेच्या फ्रीजच्या खोक्याचा. ते खोकं तिनं माळ्यावर जपून ठेवलं होतं, पाव्हणे आले की दिसावं म्हणून. ती माहेरी गेली त्या दुपारी मी माळ्यावर चढले आणि भिंतीकडची बाजू कापून घेतली. चोरी म्हणा. फ्रीजचा कुणाला तरी उपयोग झाला.

चाक काढून पुठ्ठा ड्रमवर दाबला, बोल्टांची टोकं उमटली, मधला गोल पेनानं ओढला. मग फाट्यावरच्या पंक्चरवाल्याला धरलं आणि म्हटलं, आता खरं खरं सांग, आणखी काय काय बघायचं? तो म्हणाला, चाक आत किती जातं आणि बाहेर किती येतं तेही जमलं पाहिजे, नाहीतर आत स्प्रिंगच्या पट्ट्याला घासतं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे दम. वाढ्यांचं ओझं पेलणारी पाहिजेत, माणसं मिरवणारी नाही. एवढं त्यानं आधी सांगितलं असतं तर? पण आधी मी विचारलं नव्हतं, चाक टाक एवढंच म्हणाले होते.

चकचकीत चाकं गाडीत टाकली, वर वाढे पसरले, आणि केजला निघाले. जुन्याच डुलणाऱ्या चाकांवर, मागं नवी चाकं झाकून. आता ह्याला काय म्हणावं?

भंगारवाल्याच्या फाटकातून आत शिरले तर हा माणूस एका ट्रकच्या टपावर बसलेला. भरदुपारी, घामाघूम.

"ताई, खाली उतरू नका!" तो ओरडला. "मोकळा हाय!"

काय मोकळं आहे म्हणून मी बघायला उतरले, आणि जुन्या बॅटऱ्यांच्या मागून तो आला. डाव्या डोळ्याभोवती काळं. दोन वेटोळ्यांची शिंगं. माझ्याकडं धावत आला, मधेच थांबला, वास घेतला आणि माझ्या पदरात तोंड घातलं.

मी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि रडले. उगाच कशाला लपवू? भावानं चाकं कशाच्या बदल्यात आणली हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. सणाच्या दिवशी तो जेवत होता, हसत होता, दोनदा शेवया मागत होता. आणि त्याच्या कळपातला सगळ्यात पुढचा मेंढा इथं बॅटऱ्यांत उभा होता.

भंगारवाला टपावरूनच सांगायला लागला. मेंढा बघून त्याचं मन गेलं, टकरीला लावू म्हणाला, चार रिमांच्या बदल्यात घेतला. आल्या दिवसापासून ह्या मेंढ्यानं कुणालाच सोडलं नाही. गिऱ्हाईक फाटकातून पळतं. एका पोलिसाला धडक दिली. "कुनी न्या म्हटलं तर कुनी नेत न्हाई. तुमच्या वळखीचा हाय का?"

मी डोळे पुसले. रडून झालं की मला राग येतो, आणि राग आला की माझं डोकं चांगलं चालतं.

"ह्या चार रिमा परत घे," मी म्हणाले. "मला ह्या पुठ्ठ्याच्या मापाच्या चार लोखंडी डिस्क दे."

"कशाला? ह्यांचीच भोकं मोठी करून देतो. वेल्डिंग मारून. कुनाला कळनार बी न्हाई!"

"आन् वाटंत मोडलं की तुला कळंल का? ओझ्याची गाडी हाय ती."

त्याला टपावरून खाली यायचं होतं, त्यामुळं त्यानं जास्त वाद घातला नाही. मी मेंढ्याचं शिंग धरून भंगारात फिरले आणि पुठ्ठा एकेका डिस्कवर ठेवत गेले. भोकं सहाच्या जागी पाच निघायची, सहा निघाली तर मधलं भोक लहान, मधलं जमलं तर डिस्क आत इतकी खोल की पट्ट्याला घासणार. मागच्या कोपऱ्यात आमच्यासारखंच एक पिकअप उभं होतं, पुढून पूर्ण चेपलेलं. चाकं मात्र शाबूत. काळी, गंजाचे ठिपके पडलेली, एकाला पोचा. पुठ्ठा ठेवला. सहाही भोकांतून मागचं दिसलं. मधला गोल नेमका. मला त्या गंजक्या चाकांची दृष्ट काढावीशी वाटली.

"चाकं घ्या," भंगारवाला म्हणाला, "पन ह्यो मेंढा बी न्या. एवढं पुण्य करा."

तिथंच त्यानं चारी चाकांवर टायर चढवून दिले, मेंढ्याकडं पाठ न करता. गाडी केजहून परतीच्या रस्त्याला लागली तेव्हा अजिबात डुलली नाही. मागं मेंढा वाढे खात उभा होता. आणि मी निम्म्या वाटेत आल्यावर मला कळलं, की आता दुप्पट अडचण झाली. चाकं काळी, आणि मेंढा पांढरा. दोन्ही भावाला दिसणार. मेंढा परत दिला तर चाकं परत केली हे कळणार. आणि नाही दिला तर? ते माझ्यानं होणार नव्हतं.

काहीच सुचत नव्हतं. म्हणून वाटेत चंदेरी रंगाचा डबा घेतला.

गोठ्यामागं गाडी लावली, मेंढ्याला आत बांधला आणि चाकं रंगवायला बसले. दोन चाकं झाली असतील, तर मागून आवाज आला, "त्या पोच्यात रंग भर जरा. उन्हात दिसतो."

सासू. काठी टेकत, गोठ्यातून चालत आलेली. माझ्या हातातला ब्रश तसाच राहिला.

"आत्याबाई, हे..."

"मला समदं ठावं हाय. तुझ्या भावानं उंडा चाकावर थापला तवा मी ओसरीवरच हुते. उन्हात वाळवाया ठिवला तवाच म्हणलं, येडं हाय पोरगं, आता हे आखडणार."

"मग तवाच सांगायचं की!"

"कसं सांगू? कसा हासत हुता त्यो." ती उलट्या घमेल्यावर बसली. "मह्या भावानं मला म्हैस दिलती. पहिल्या भाऊबीजेला. काळीभोर. वांझ निघाली."

मला हे कुणीच सांगितलं नव्हतं.

"मग?"

"मग काय? भाऊ आला की सांगायची, गाभण हाय. पुढच्या साली आला की सांगायची, रेडकू गेलं, आता परत गाभण हाय. शेजारच्या म्हशीचं दूध आणून त्याला खरवस करून घातला एकदा." तिनं काठी मांडीवर आडवी घेतली. "म्हातारा हून मेला माझा भाऊ. शेवटपर्यंत गावात सांगायचा, बहिणीला मी दिलेल्या म्हशीचा खरवस खाऊन आलतो."

आणि तिनं हात पुढं केला. "आण तो ब्रश. तुला कडा जमत न्हाईत."

एकादशी उजाडली. कार्तिकाची थंडी, रंग काही नीट वाळेना. भाऊ-वहिनी सकाळी आले. भावाच्या हातात नारळ. जाऊ नवी साडी नेसून आधीच गाडीपाशी उभी, आणि चाकांकडं बघतेय. 

"जाऊबाई," ती म्हणाली, "ह्याला पाकळ्या हुत्या ना? कुठं गेल्या?"

"भरून घेतल्या," सासू ओसरीवरून म्हणाली. "पाकळ्यांत चिखल आडकतो."

 भाऊ चाकापाशी खाली बसला. बराच वेळ बसला. शंभर मेंढरांतून एक ओळखणारा माणूस, त्याला ती चाकं ओळखू येणार नाहीत, असं मी मनाला सांगत होते. त्यानं नारळ फोडला, पाणी शिंपडलं, कुंकवाचं बोट लावलं, आणि सगळा पंजा चाकावर ठेवून नमस्कार केला. हात उचलला तर पंजा चंदेरी.

तो पंजाकडं बघत राहिला. जावेनं तोंड उघडलं.

"रीत हाय ती," सासू म्हणाली. काठी टेकत ती खाली उतरली, वाकली, आपला पंजा चाकावर दाबला आणि तो चंदेरी पंजा सगळ्यांना दाखवला. "भावानं दिलेल्या चाकाला चांदी लावायची. तुमच्याकडं न्हाई का? फ्रीजला लावली न्हाई का तुमी?"

 मग जाऊही हळूच वाकली आणि बोट टेकवलं. न जाणो, रीत असेल तर.

एवढ्यात गोठ्यातून मेंढा ओरडला. भावाची मान एकदम वळली. हाक मारलेल्या माणसाची वळते तशी.

सासूनं मालकांना हात केला. मालकांनी पाठ सांभाळत मेंढा बाहेर आणला. दोरी कुठली टिकतेय, मेंढ्यानं हिसडा मारला, धावत भावाकडं गेला आणि त्याच्या पोटात डोकं घालून उभा राहिला. वहिनीनं पदर तोंडाला लावला. मी गाडीचा आरसा पुसायला लागले.

"पाव्हणं," सासू म्हणाली, एकदम सहज, "भाऊबीजेची परतफेड म्हणून ह्यो मेंढा तुमाला. बाजारात दिसला, घेतला. तुमच्या मेंढरांत शोभंल."

भावानं मेंढ्याच्या पाठीवर हात ठेवला. पांढऱ्या लोकरीवर पाच बोटं चंदेरी उमटली. त्यानं मेंढ्याच्या काळ्या डोळ्याकडं बघितलं, चाकांकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी बघितलं नाही. बघितलं असतं तर संपलंच होतं.

"मावशी," तो म्हणाला, "ह्यो मेंढा लई वळखीचा दिसतोय."

"असंल," सासू म्हणाली. "समदी मेंढरं सारखीच दिसत्यात."

मी डोळे मिटून घेतले. आता हा ताट खाली ठेवणार. आता हा चवताळणार.

"हौ, मावशी," माझा भाऊ म्हणाला.  "समदी सारखीच दिसत्यात."